कोरडा संकल्प

पितृपक्ष लागला की बनारसच्या दुकानदारांना वेबसाइट नकोशी होते. एरवी ‘मॅडम, कल तक चाहिए’ म्हणून जीव खाणारा साडीवाला, घाटाजवळच्या लॉजचा मालक, नवे क्लास काढणारा गणिताचा मास्तर, सगळे भाद्रपदी पौर्णिमा उलटली की एकाएकी सबुरीने बोलू लागतात. ‘अभी रहने दीजिए, नवरात्र में देखेंगे.’ पितरांच्या पंधरवड्यात नवं काही सुरू करायचं नसतं. मेलेली माणसं इंटरनेटवर पाळत ठेवून असतात, अशी या लोकांची ठाम समजूत आहे. मी पडद्यांची आखणी करते, म्हणजे कुठलं बटण कुठे असावं आणि ते दाबल्यावर माणसाची फजिती कशी होऊ नये हे ठरवते. आणि या समजुतीपायी मला दरवर्षी सक्तीची सुट्टी मिळते. यंदाही मिळाली आहे.

हात रिकामे झाले की नाक कामाला लागतं. पूर ओसरताना गंगा घाटांवर गुडघाभर गाळ सोडून जाते. मग पंप लावून, जाड पाइपांनी तो गाळ पुन्हा तिच्याच पोटात ढकलायचा, हा इथला वार्षिक उद्योग. ओला गाळ, झेंडूचा चिखल, तीळ, डिझेल आणि कुणाच्या तरी घरी तळले जाणारे उडदाचे वडे, असा तो वास गल्लीगल्लीतून वर चढत आमच्या खिडकीपर्यंत येतो. लोक याला पवित्र वगैरे म्हणतात. मला तो आला की काही वर्षांपूर्वीचा एक पितृपक्ष आठवतो, ज्यात मी आयुष्यातलं सर्वांत फुटकळ काम केलं आणि तेच आजवर सर्वांत नीट केलेलं काम निघालं.

माझा थोरला भाऊ श्रीधर, आमचा दादा, राजा घाटावर श्राद्धं करवतो. वेताची छत्री, खाली चटई, पुढे तांब्याचं तामण. या पंधरवड्यात महाराष्ट्रातून बसगाड्या भरून मंडळी येतात. तिसऱ्या पायरीवर घसरतात, चौथीवर सेल्फी काढतात आणि चटईवर टेकायच्या आत विचारतात, ‘गुरुजी, किती वेळ लागेल? आमचं दुपारी सारनाथ आहे.’ बापाला शेवटचा घास द्यायला आलेली माणसं ही. त्यांच्यातल्या निम्म्यांना गोत्र माहीत नसतं. माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं, अशी शास्त्राने सोय करून ठेवली आहे. त्यामुळे पितृपक्षात राजा घाटावर उभं राहिलं तर अख्खा महाराष्ट्र एकाच ऋषीच्या पोटी जन्मला असावा असं वाटतं.

हाच दादा दुपारी जेवून, सोवळं वाळत टाकून, लॅपटॉप उघडे आणि तलवार उपसे. किल्ले, राक्षस, चिलखतं असला तो ऑनलाइन खेळ. त्यात दादा एका टोळीचा म्होरक्या. टोळीत कोण, तर बिहारातल्या छपऱ्याचा एक औषधविक्रेता, इंदूरचा एक वकील, दुबईत क्रेन चालवणारा कुणी आणि अस्सी घाटाकडचे चार रिकामटेकडे. सकाळी ज्याच्या पायाला लोक हात लावतात तो माणूस दुपारी ‘अबे बाएँ से मार’ म्हणून ओरडतो, हे ऐकत मी शेजारच्या खोलीत भाकरीचा तुकडा मोडत असे. चाळिशी ओलांडलेल्या पुरुषांनी भरदुपारी खोट्या किल्ल्यासाठी घसे फोडावेत, याची मला मनापासून घृणा होती. आजही आहे.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा संस्कृत पाठशाळेत शिकवत. एका कार्तिकात ‘प्रयागला जाऊन येतो’ म्हणून निघाले ते परत आलेच नाहीत. पोलीस झाले, इस्पितळं झाली, दादा स्टेशनं पालथी घालून आला. मग कुणाला ते ओंकारेश्वरी दिसले, कुणाला हरिद्वारला. मोहल्ल्यातल्या भाविकांनी ठरवून टाकलं की गुरुजींना वैराग्य आलं. मी त्यांना पिशवी भरताना पाहिलं होतं. तीत नवी घोंगडी होती, आईच्या माहेरचा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा होता आणि रत्नागिरीहून आलेली आमसुलं होती. विरक्त माणूस आमसुलं बांधून नेत नाही. बाबा पळाले, आणि व्यवस्थित सामानसुमान घेऊन पळाले. हे मी तेव्हाही म्हणत होते.

पण पळालेला माणूस शास्त्राच्या दृष्टीने जिवंत असतो, आणि बाप जिवंत असलेल्या मुलाने पितरांना पिंड द्यायचा नसतो. त्यामुळे दिवसभर परक्यांच्या बापांना पाणी देणाऱ्या दादाच्या स्वतःच्या घरी या पंधरवड्यात काही म्हणजे काही होत नसे. खीर नाही, वडे नाहीत, कावळ्याला हाक नाही. शेजारपाजारच्या घरांतून अळूवडीचा वास यायचा आणि आमच्याकडे रोजचं वरण शिजायचं. आई सकाळी आंघोळ करून कपाळाला कुंकू लावायची आणि ते कशासाठी लावते हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी बाबांना जाऊन बारा वर्षं पूर्ण होत होती. बारा वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याला मेला असं मानता येतं. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, मग पुढचं सगळं. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं आणि कुणी उच्चारत नव्हतं. उच्चारलं ते नागपूरच्या काकांनी. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, वीज खात्यातून निवृत्त, आणि निवृत्तीनंतर ज्योतिषाच्या नादी लागलेले. त्यांच्या मुलाचं लग्न जमत नव्हतं. मुलगा दिवसभर झोपायचा आणि संध्याकाळी मोटरसायकल पुसायचा, हे कारण ज्योतिषाला सुचलं नाही. त्याला पत्रिकेत अतृप्त पितर दिसला. फोनवर काका आईला म्हणाले, ‘वहिनी, पोराचं लग्न अडकून राहिलं ना. बारा वर्षं झाली, आता उरकून टाकू.’ उरकून टाकू! गटार तुंबलंय, तेही उरकून टाकू. आईने ‘बघू’ म्हणून फोन ठेवला आणि पोळ्या लाटायला घेतल्या.

त्याच सुमाराला दादाच्या फौजेची दाणादाण उडाली. लढाईत टाइप करायला फुरसत नसते, म्हणून दादाने खेळासाठी एक अ‍ॅड-ऑन लिहिलं होतं. ते कुठे शिकला देव जाणे, पण लिहिलं होतं खरं. छोटी खूण टाकली की तिच्या जागी पूर्ण वाक्य उमटायचं. महिरपी कंसात ‘साथी’ लिहिलं की तिथे ज्याच्यावर माउसचा बाण रोखलेला असेल त्या गड्याचं नाव आपोआप यायचं. टोळीतल्या सगळ्यांनी ते घातलं होतं आणि प्रत्येकजण हौसेने त्यात आपापले नियम भरत होता. एका शहाण्याने नियम केला की ‘जा’ टाकलं की ‘जाओ, पीछे हटो’ उमटावं. किल्ल्याचं दार मोडत आलं असताना अस्सीचा एक गडी उशिरा उगवला आणि बनारसी रिवाजाप्रमाणे सगळ्यांना म्हणाला, ‘का राजा!’ पडद्यावर उमटलं, ‘का राजाओ, पीछे हटो!’ सगळी फौज पाठ फिरवून पळत सुटली. बनारसमध्ये दिवसातून शंभर वेळा लोक एकमेकांना राजा म्हणतात. हे ध्यानात न घेता नियम करणारा प्राणी बनारसचाच होता.

दादा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. ‘छोटी, तुला सध्या काम नाहीये ना?’

‘तुझ्यासाठी नाहीये.’

‘ऐक तर. एक अशी जागा पाहिजे की आधी दिसेल, पण जाणार नाही. माणूस आपला नियम लिहील, मजकूर टाकील, काय बनतंय ते बघील, तेव्हा कुठे फौजेत चालू करील. डिझाइन तू कर. बाकी झंझट माझी.’

‘तुझ्या त्या शहाण्याने लिहिण्याआधी विचार केला तर डिझाइनची गरज पडणार नाही.’

‘तो विचार करत नाही म्हणूनच तर,’ दादा शांतपणे म्हणाला. आमच्या घरात राग माझ्या वाट्याला आला आणि शांतपणा त्याच्या. नवरात्रापर्यंत मला दुसरं काही नव्हतंच. मी ‘बरं’ म्हटलं, आणि ते शक्य तितक्या तिरसटपणे म्हटलं.

असल्या कामात ताकद घालवू नये असं मी ठरवलं होतं, पण वाईट आखणी माझ्याच्याने बघवत नाही. वर एक चौकट: तीत कच्चा मजकूर लिहायचा. खाली दुसरी: तीत नियम लागून तो कसा निघेल ते लगेच दिसणार. बदललेला भाग पिवळा, आणि त्यावर टिचकी मारली की हा बदल कोणत्या नियमाने केला त्याचं नाव. बाजूला नमुन्याची माणसं: साथी कोण, शत्रू कोण, जागा कुठली, हे हवं ते भरून बघायचं. दादाच्या एका चेल्याने निरोप पाठवला की खाली ‘पाठवा’ असं मोठं हिरवं बटण हवं, म्हणजे आवडलं की तिथूनच फौजेला पाठवता येईल. मी त्याला कळवलं की चाखायच्या चमच्याने पंगत वाढत नाहीत. दादाने माझी बाजू घेतली. ‘इथून काही बाहेर जाता कामा नये. एकदम कोरडं पाहिजे.’

कोरडं हा त्याच्या धंद्यातला शब्द. श्राद्धाच्या सुरुवातीला संकल्प असतो: अमुक गोत्राचा, अमुक नावाचा मी, माझ्या अमुक नावाच्या बापासाठी हे करतो. अमुकच्या जागी खरी नावं घालायची आणि शेवटी तळहातावरचं पाणी सोडायचं. पाणी सुटलं की बोललेलं लागू झालं. मागे घेता येत नाही. घाटावर बाकीचे लोक हे एका दमात उरकतात. आमच्या घरातली रीत वेगळी. आधी हातात पाणी न घेता सगळा संकल्प नावांसकट म्हणून दाखवायचा, समोरच्याने ऐकायचा, मान डोलावली की मगच पाणी. बाबांनी ही रीत दादाला मारून मारून शिकवली. बाकीचे गुरुजी हसतात, कारण तेवढ्या वेळात त्यांचा आणखी एक यजमान निघतो.

त्या आठवड्यात मी मुद्दाम घाटावर जाऊन बसले, कोरड्याचा उपयोग बघायला. साताऱ्याकडचं एक जोडपं चटईवर होतं. नवऱ्याच्या एका कानात यंत्र. ऑफिसच्या कुणाशी तरी ‘होय सर, होय सर’ चाललेलं. दादाने नावं विचारली, त्याने मधल्या मधे सांगितली. दादाने कोरडा संकल्प सुरू केला आणि बापाच्या जागी आलेलं नाव ऐकून बाईने किंचाळून नवऱ्याचा दंड धरला.

‘अहो, राहुल काय! राहुल काय सांगितलंत!’

‘राहुल कोण?’ दादाने विचारलं.

‘आमचा मुलगा हो गुरुजी! अकरावीला आहे!’ बाई रडायलाच लागली. नवऱ्याने कानातलं काढलं. ‘मला वाटलं, तुम्ही घरात कोण कोण असतं ते विचारताय,’ तो म्हणाला. बापाचं नाव ‘रघुनाथ’ हे आठवायला त्याला आणखी थोडा वेळ लागला. शेजारच्या छत्रीखाली गेला असता तर पोटच्या पोराला पाणी देऊन सारनाथच्या बसमध्ये चढला असता. दादाने त्याला एक शब्द लावला नाही. ‘कोरडं होतं, काही लागत नाही,’ एवढंच बाईला दोनदा सांगितलं. मला तो नवरा इतका तिरस्करणीय वाटला की मी त्याच्या बुटांकडे रागाने बघत राहिले.

दोन चौकटींचं आमचं पॅनेल तयार होत आलं तेव्हा एकाच गोष्टीवर अडलं. साथीची जागा रिकामी असेल, म्हणजे बाण कुणावरच रोखलेला नसेल, तर काय दाखवायचं? दादाच्या अ‍ॅड-ऑनमध्ये अशा वेळी लिहिणाऱ्याचं स्वतःचं नाव पडायचं. तसं त्याने मुद्दाम केलं होतं. माझं म्हणणं, रिकामं ते रिकामं. लाल चौकट दाखवा आणि मजकूर अडवा. दादाचं म्हणणं, रिकामी जागा ठेवून वाक्य पुरं होत नाही.

‘गोत्र माहीत नसलं तर आम्ही थांबतो का? काश्यप घालून पुढे जातो.’

‘म्हणूनच तुमच्या संकल्पाची ही कळा.’

‘लोक इतक्या दुरून येतात छोटी. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवायचं?’

‘हो,’ मी म्हटलं, ‘ज्याला बापाचं नाव येत नाही त्याला खुशाल पाठवावं.’

वाद मिटेना, तेव्हा दादा म्हणाला की एखादा लांबलचक मजकूर घालून प्रत्यक्षच बघू. त्याला तोंडपाठ असलेला लांबलचक मजकूर कोणता असणार? त्याने संकल्पच टाइप केला. नावांच्या जागी कंस टाकले आणि बाजूला नमुन्यात साताऱ्याकडच्या त्या इसमाची नावं भरली. खालच्या चौकटीत सगळं सुरेख उमटलं. रघुनाथ पिवळा, गोत्र पिवळं. मग दादाने पित्याची जागा पुसून रिकामी केली आणि माझ्याकडे न बघता स्वतःचं नाव-गोत्र यजमानाच्या जागी घातलं. नियम इमानाने चालला. बाप नाही असं दिसताच त्याने तिथे लिहिणाऱ्याचं नाव टाकलं: ‘अस्मत्पितुः श्रीधरशर्मणः’. पडद्यावर माझा भाऊ स्वतःलाच मेलेला धरून स्वतःच्या हाताने पाणी देत होता.

स्वयंपाकघरात आई मिक्सर फिरवत होती तो थांबला. दादाने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, ‘तुझं बरोबर आहे. लाल चौकट कर.’

मी केली. जागा रिकामी, चौकट लाल, मजकूर अडलेला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. दादाने पुन्हा कीबोर्ड ओढला, ‘फक्त बघतो’ म्हणाला आणि त्या जागी बाबांचं नाव टाइप केलं. लाल गेलं. ‘अस्मत्पितुः वासुदेवशर्मणः कौशिकगोत्रस्य वसुरूपस्य’. कुठे अडखळलं नाही, कुठे सांधा दिसला नाही. बारा वर्षं घरभर पसरलेला माणूस एका शब्दाच्या जागेत नेमका बसला होता. दादा तिथे बघत हलकेच म्हणाला, ‘काकांना या म्हणून सांगतो.’

‘आईला विचार आधी.’

‘तिचीच सुटका होईल छोटी. रोज सकाळी आरशासमोर उभी राहते ना, मला बघवत नाही.’

मी त्याला वाटेल ते बोलले. काकांच्या आळशी पोराला बायको मिळावी म्हणून आईच्या कपाळावर हात टाकतोस, असंही बोलले. खरं म्हणजे त्याच्याशी भांडताना मला माझ्या मनातलंही कळत नव्हतं. बाबा कुठेतरी धर्मशाळेत आमसुलांचं सार पीत बसले असतील, त्या माणसाला मेलेला म्हणण्याचा मान कशाला द्यायचा, असं मला वाटत होतं. आणि ती ओळ पडद्यावर पुरी झालेली बघून बरंही वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची मला किळस आली.

काका सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आले. हातात संत्राबर्फीचे डबे आणि खांद्यावर एक खोकं. खोक्यात पळसाची पानं. पुतळ्यासाठी! काशीत पळस मिळत नाही अशी त्यांची समजूत असावी. ‘आपल्या विदर्भातली चांगली रुंद पानं असतात,’ ते आईला म्हणाले, जशी काही साडी दाखवत होते. आईने पानं उलटसुलट करून पाहिली, पाण्याचा हबका मारला आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. तिचा होकार की नकार हे कुणाला कळलं नाही. दादाने तिला विचारलं तेव्हाही ती काकांना म्हणाली होती तेच म्हणाली, ‘बघू.’

अमावास्येला सकाळी सगळे आंघोळी करून बाहेरच्या खोलीत जमलो. घाटावर दादाचे सोबती गुरुजी वाट बघत होते. निघायच्या बेतात असताना आई आतून आली. इस्त्रीचं लुगडं, कपाळाला कुंकू. पाटावर बसली आणि दादाला म्हणाली, ‘आधी इथे म्हण. कोरडं. मला ऐकायचंय.’

‘आई, तिकडे जाऊन...’

‘परक्यांना ऐकवतोस ना रोज? मग मला ऐकव.’

दादा समोर बसला, रिकामे हात मांडीवर ठेवले आणि म्हणू लागला. मला वाटलं होतं त्याचा आवाज फुटेल. नाही फुटला. इतक्या वर्षांच्या सवयीचा गळा. तिथी, वार, नदी, काठ, सगळं सरळ आलं, आणि त्याच सरळपणे बाबांचं नाव आलं. काकांनी रुमाल डोळ्यांना लावला. मी आईकडे बघत होते. ती मान थोडी तिरकी करून ऐकत होती, बाजारात कापड बघताना असते तशी. दादा थांबला. यजमानाने मान डोलावायची ती वेळ.

आईने मान डोलावली नाही. ‘ऐकलं,’ ती म्हणाली. ‘आता उठ. पाणी सोडायचं नाही.’

‘वहिनी!’ काका पुढे सरकले. ‘असं काय करता? दादाच्या जिवाला गती नको मिळायला?’ बाबांना ते दादा म्हणत.

‘नको.’

‘अहो, पण...’

‘काशीत घर होतं. दोन मुलं होती, मी होते. तरी माणसाला कुठेतरी जावंसं वाटलं. गेले. आता तुम्ही म्हणता, गती द्या. म्हणजे जायचं त्यांच्या मर्जीने आणि सुटायचं तेही बसल्या जागी? मी इतक्या सोप्यात सोडणार नाही त्यांना. गती पाहिजे असेल तर येऊ दे, तोंड दाखवू दे, मग बघते.’

आवाज चढलेला नव्हता. माझ्या तिरस्काराचा मला केवढा अभिमान होता. मी तो जिथेतिथे उधळत होते, बुटांवर, बटणांवर, संत्राबर्फीवर. आईने तिचा सगळा एका माणसासाठी जपून ठेवला होता, बारा वर्षं, एक थेंब इकडेतिकडे न सांडता. दादा उठला. त्याने घाटावर फोन केला, ‘गुरुजी, आज रहने दीजिए.’ त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली. काकांच्या चेहऱ्यावर नागपूरच्या ज्योतिषाला काय सांगायचं ही काळजी.

‘हे पाप आहे वहिनी,’ काका म्हणाले.

‘माझं मी बघीन. तुम्ही जेवून घ्या, गाडी आहे ना.’

आणि तिने आतून ती पळसाची पानं आणली, झाडूचे हीर घेतले आणि बसल्या बसल्या त्यांच्या पत्रावळी टाचल्या. पानं खरंच रुंद होती. ज्या पानांचा तिच्या नवऱ्याचा पुतळा व्हायचा होता त्यांवर आईने काकांना वरणभात, भेंडीची भाजी आणि त्यांचीच संत्राबर्फी वाढली. काका मुकाट जेवले. मीही जेवले, आणि पोटभर जेवले.

आमचं पॅनेल पुढे बरंच चाललं. कुठले कुठले अनोळखी लोक ते वापरतात आणि अजूनही ‘पाठवा’ बटण का नाही म्हणून तक्रार करतात. काकांच्या मुलाचं लग्न त्याच माघात झालं, कुणाही पितराला न विचारता. पत्रिकेतला दोष कुठे गेला हे काकांनी आम्हाला सांगितलं नाही. दादाची टोळी फुटली, नवी जमली. तो अजून किल्ले लढवतो आणि मला अजून त्याची चीड येते. फक्त दर सर्वपित्रीला, घाटावर निघायच्या आधी, तो आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी उभा राहतो आणि विचारतो, ‘आई, यंदा?’ आई म्हणते, ‘नाही.’ आणि तो छत्री उचलतो.

या वर्षी आईला उठवत नाही. आषाढात पडली तेव्हापासून खाटेवरच आहे. कुंकू मी लावते, तिच्या म्हणण्याप्रमाणे जरा खालीच लागतं. आज सकाळी दादा उंबऱ्याशी आला, तिला बघितलं आणि न विचारताच परत फिरला. आईने त्याला हाक मारली.

‘विचारलं नाहीस?’

‘राहू दे आई. तू आराम कर.’

‘नाहीच म्हणणार होते,’ आई म्हणाली. मग थोडा दम घेऊन आम्हा दोघांना जवळ बोलावलं. ‘पण माझ्यामागे आणखी कुणाला विचारत बसू नका. मी गेले की त्यांचंही पाणी सोडून टाका, त्याच दिवशी, त्याच हाताने. इतकी वर्षं धरून ठेवलंय मी त्यांना. आता एकटी कशाला जाऊ?’